उलटी घातलेली प्लेट

गोळी प्लेटवर आदळते तेव्हा नेमकं काय होतं, हे मोजत बसणारी अमरावतीत मी एकटीच असेन. निदान मला तरी दुसरं कोणी भेटलेलं नाही. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते आणि शिकवून उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर गोळ्या झाडते. खरी गोळी सुटताना मी जन्मात पाहिली नाही. बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या म्हाताऱ्या शिपायाच्या खांद्यावर, आणि ती चालत असेल असं मला कधी वाटलं नाही.

बुलेटप्रूफ जाकिटात छातीवर एक प्लेट असते. लोकांना वाटतं ती पोलादाची असेल. आमच्याकडच्या ह्या प्लेटी चिनी मातीच्या जातीच्या असतात, फक्त कपबशीपेक्षा कैक पटींनी कडक, आणि त्यांच्या पाठीला धाग्यांच्या कापडाचे दाबून चिकटवलेले थर. गोळी आली की पुढचा कडक थर तिचं नाक चेपतो आणि स्वतःचा चुरा करून घेतो. तो चुरा आणि गोळीचे तुकडे मागचं कापड झेलतं. पापणी लवायच्या आत सगळा खेळ संपलेला असतो. मी काय करते, तर प्लेट आणि गोळी दोन्ही कॉम्प्युटरमध्ये बारीक ठोकळ्यांत कापते, आणि प्रत्येक ठोकळा किती दबला, किती सरकला, कधी फुटला, हे क्षणाच्या कणाकणानं मोजत जाते. सकाळी लावलेलं गणित संध्याकाळपर्यंत चालतं. मधे लाईट गेली की माझ्या तोंडून जे निघतं ते पोरांनी ऐकू नये म्हणून लॅबचं दार मी लावून घेते.

कॉलेजात ह्या कामाला कोणी फारसं विचारत नाही. आमचे एक वरिष्ठ त्याला ‘मॅडमचा व्हिडिओ गेम’ म्हणतात. बाहेरून तपासणीची समिती आली की मात्र पहिली माझीच लॅब उघडायची. मागे एक साहेब पडद्यासमोर उभे राहून म्हणाले, लाल रंग फार सुंदर दिसतोय. मी म्हटलं, साहेब, लाल म्हणजे तिथं फाटलंय. त्यांनी मान हलवली आणि चहा कुठे आहे ते विचारलं.

माझा भाऊ माझ्यापेक्षा बराच धाकटा. आई कामावर जायची तेव्हा त्याला कडेवर घेऊन मी अकोल्याच्या आमच्या वस्तीत गल्लीभर फिरायची, म्हणून तो अर्धा माझाच. तो सशस्त्र दलात आहे. कोणत्या, कुठे, ते मी लिहिणार नाही. जंगलात आहे, एवढं पुरे. बाबा गेल्यावर आईनं एकटीनं शाळेतली नोकरी करत आम्हाला वाढवलं. आता ती रिटायर होऊन अकोल्याच्या घरी असते आणि मी शनिवारी अमरावतीहून तिच्याकडे जाते. तिला दोन लेकरं. एक गोळीच्या मागे आणि एक गोळीच्या पुढे, असं मी एकदा गमतीनं म्हटलं होतं. ती हसली नव्हती.

मागच्या हिवाळ्यात तो रजेवर आला तेव्हा आधी अमरावतीला उतरला. मला सोबत घेऊन अकोल्याला जायचं होतं. माझं गणित चालू होतं, म्हणून लॅबमध्येच बसला. पडद्यावर प्लेटच्या मागे एक मोठा करडा ठोकळा दिसत होता.

“हे काय वं ताई?”

“माती. मूर्तीवाले वापरतात तशी चिकणमाती. प्लेटच्या मागं मातीचा ठोकळा ठेवते. गोळी अडली तरी मातीत खड्डा पडते. खड्डा खोल गेला म्हणजे माणूस मेला, कमी गेला म्हणजे वाचला.”

“अन् मी कुठी आहो याच्यात?”

“ती माती म्हणजेच तू.”

“वा! मराच्या आधीच माती केली तू माही,” तो म्हणाला आणि एवढा मोठ्यानं हसला की बाजूच्या वर्गातून कोणीतरी डोकावून गेलं. मीही हसले. तेव्हा हसू येत होतं.

मग चहा पीत पीत तो त्याच्या कॅम्पमधल्या गमती सांगायला लागला. जाकीट किती जड, उन्हात त्यानं जीव कसा कासावीस होतो, ट्रक थांबला की घालून कोण उतरतंय, आधी जाकिटं खाली फेकायची आणि मग आपण उडी मारायची. थंडीत शेकोटीजवळ बसताना प्लेट काढून पाटासारखी बुडाखाली घ्यायची, खालचा ओलावा लागत नाही. एकानं तर गाडीचा जॅक मातीत रुतत होता म्हणून त्याच्याखाली प्लेट सारली होती. भारी डोकं चालवलं म्हणून सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

मी कप खाली ठेवला. “पागल झाले काय रे तुमी? फेकता? जॅकखाली ठेवता?”

“काय होते त्याले? गोळीनं फुटत नाही ते, ट्रकवरून पडून काय फुटते?”

आता ह्याला काय म्हणावं! मी त्याच्यावर अशी ओरडले की लॅबचा शिपाई उठून बाहेर गेला. अरे, गोळीनं फुटत नाही असं कोणं सांगितलं तुले? ती फुटतेच. फुटणं हेच तिचं काम आहे. फुटता फुटता गोळीला खाते ती. तुम्ही आधीच फोडून ठेवली तर गोळीच्या वाट्याला काय उरणार? आणि वरून दिसत नाही काही. वर कापड शिवलेलं, आत तडा गेलेला. घालणारा छाती काढून चालतो आणि छातीवर त्याच्या खापर असतं, बिनकामाचं.

त्याचं हसू उतरलं. “मंग समजाव कसं?”

हे मी त्याला अकोल्याला गेल्यावर दाखवलं. आईच्या ओट्यावर माठ होता. माठ विकत घेताना आपण सगळे काय करतो? बोटाच्या पेरानं वाजवून पाहतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर खाली ठेवून द्यायचा, मग विकणारी कितीही शपथा घेवो. मी त्याला तेच करायला सांगितलं. कापड काढायचं, नाणं घ्यायचं, कडेपासून मध्यापर्यंत हळूहळू वाजवत जायचं. जिथं आवाज मरतो तिथं आत फुटलेलं. आईच्या दोन बश्या घेतल्या, एक धड, एक केसाएवढा तडा गेलेली, आणि डोळे मिटून ओळखायला लावलं. दर वेळी त्यानं बरोबर ओळखलं. आई म्हणाली, “फोडा आता माह्या बश्या दोघं मिळून.” पण तिला बरं वाटत होतं. पोरगं जपून राहायला शिकतंय हे तिला कळलं होतं.

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं पडद्यावरच्या लालपिवळ्या रंगांत घालवली, त्यातून एक तरी गोष्ट माझ्या माणसाच्या अंगावर उपयोगी पडणार होती.

तो परत गेला. काही दिवसांनी फोन आला.

“ताई, वाजवल्या सगळ्या.”

“मंग?”

“लय बद्द निघाल्या वं. चांगल्या निघाल्या त्या वाटून देल्या.”

“अन् फुटक्या?”

“त्या बी वाटल्या.”

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, वाटल्या म्हणजे? फेकायच्या त्या. नव्या मागव.

“मागवल्या. साहेबानं वर लिहून देलं. येतीन म्हणे. पण तोवर उघड्या छातीनं थोडी जाणार? बद्द का असंना, काहीतरी पाह्यजे.”

“तुह्याकडं कोणती आहे?”

तो तिकडच्या थंडीचं सांगायला लागला.

“बोल ना रे! कोणती घातली तू?”

“आता वाजवाचं मीच सांगतलं सगळ्याहीले,” तो म्हणाला, “मंग चांगली मीच ठेवून घेऊ काय? कसं दिसते ते?”

मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. लहानपणी चूक केली की मी त्याचा कान पिळायची, तसा कान हाताशी असता तर उपटला असता. त्यानं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर मी लॅबमध्येच बसून होते. आधी त्या कॅम्पात कोणाला काहीच माहीत नव्हतं. जो तो हाती येईल ते जाकीट घालत होता आणि कोणाच्या नशिबात काय ते कोणी ठरवत नव्हतं. आता माहीत झालं होतं, आणि माहीत झाल्यावर फुटकी प्लेट कोणीतरी जाणूनबुजून अंगावर चढवावी लागत होती. माझ्या भावाचा स्वभाव मला माहीत होता. घरी आंब्याच्या फोडी केल्या तर कोय हाच घ्यायचा. हे माझ्या डोक्यात आधी यायला हवं होतं की नाही?

दोन-तीन दिवस मी त्याचा फोन घेतला नाही. रागच एवढा होता. मग एके दुपारी मोबाइलवर फोटो आला. खाटेवर ठेवलेली त्याची प्लेट, कापड काढलेलं, आणि तिच्यावर खडूनं काढलेली वेडीवाकडी रेघ. वरचा एक कोपरा आणि मध्याच्या जवळपासपर्यंतचा भाग त्या रेघेच्या आत. खाली लिहिलं होतं, ‘एवढ्यात बद्द वाजते. छातीवर डाव्या बाजूले येते. तू गणित करून पाह्य.’

केलं. काय करणार! फोटोवरून मापं घेतली, प्लेट आखली, रेघेच्या आतल्या ठोकळ्यांची ताकद काढून घेतली आणि सकाळी गणित लावलं. संध्याकाळी पाहिलं तर खडूच्या भागात मारलेली गोळी प्लेटमधून आणि मागच्या कापडातून पार होऊन मातीत शिरली होती. थांबलीच नाही. दुसऱ्या दिवशी धड भागावर मारली. ती अडली. मातीत खड्डा पडला, पण उथळ. म्हणजे बाकी प्लेट चांगली होती, तेवढा भाग नव्हता, आणि जो नव्हता तो नेमका त्याच्या काळजावर येत होता.

ह्या जातीची प्लेट चारी कोपऱ्यांना सारखी असते. वरची बाजू खाली केली तरी जाकिटाच्या खिशात बसते. तशी फिरवली की फुटका भाग डावीकडून वरून निघतो आणि उजवीकडे खाली येतो. तिथं काय असतं? यकृत असतं. माझी एक मैत्रीण डॉक्टर आहे. एका विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टचं निमित्त करून मी तिला विचारलं, की रायफलची गोळी हृदयात लागली तर काय आणि यकृतात लागली तर काय? ती म्हणाली, हृदयात लागली तर विषयच संपला. यकृतात लागली तर रक्त भयंकर जातं, पण लवकर दवाखान्यात नेलं तर एखादा वाचतो. मग तिनं विचारलं, असला कसला प्रोजेक्ट गं?

मी पडद्यासमोर बसले. आईला विचारता येत नव्हतं, कोणालाच विचारता येत नव्हतं. ज्याला मी कडेवर घेऊन फिरले त्याच्या अंगात गोळी कुठून जाऊ द्यायची ते मलाच ठरवायचं होतं. रडू आलं. त्याचाही राग आला. वर्गावर जायची वेळ झाली होती. तोंड धुतलं आणि मोबाइलवर लिहिलं, ‘उलटी घाल. खालची बाजू वर.’

त्याचा अंगठा आला. वर करून दाखवलेला, पिवळा.

नव्या प्लेटी काही आल्या नाहीत. मी फोनवर विचारायची, आल्या का रे? तो म्हणायचा, येऊन राहिल्या. जसं काही बैलगाडीनं निघाल्या होत्या. आईला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. तिला वाटायचं, माठासारखं वाजवून पाहायला शिकल्यापासून तिचं लेकरू सुखरूप आहे. शेजारणींना ती सांगायची, माह्या पोरीनं शोध लावला. मी तिथून उठून जायची. आत येऊन ती विचारायची, “काहून वं, चांगलं बोलून राहिली तं तोंड काहून पाडलं?”

एप्रिलमध्ये त्याला जयंतीची रजा मिळाली. मागची दोन-तीन वर्षं मिळाली नव्हती. मी आदल्या दिवशीच अकोल्याला गेले. उन्हानं डांबर मऊ झालेलं, वस्तीभर निळे झेंडे, पोरांचा डीजे सकाळपासून लागलेला. तो आला, आईनं त्याला दारातच धरून तोंडावरून हात फिरवला. वाळला होता. दुपारी आई खिरीपाशी होती आणि मी पुऱ्या लाटत होते, तेव्हा तो पाणी प्यायला आत आला. मी हळूच विचारलं, “जाकीट?”

“तिथंच. जाकीट काय माह्या नावावर आहे काय? कॅम्पचं असते ते. माह्या जागी जो आला तो घालते.”

“त्याले माहीत आहे?”

“सांगून आलो. उलटीच ठेव म्हटलं, फिरवू नोको.”

“बरं,” मी म्हणाले आणि पुढची पुरी लाटायला घेतली.

आम्ही जेवायला बसलो. त्यानं दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. डीजेमुळे ऐकू येईना म्हणून तो एक कान दाबून बसल्या जागीच बोलला. “हां, बोल.” मग नुसताच ऐकत राहिला. मग म्हणाला, “कुठी लागली?” मग, “किती वेळानं नेलं?” आणि मग, “हां. हां. ठेव.”

त्यानं फोन जमिनीवर पालथा ठेवला.

“काय झालं?” आईनं विचारलं.

“माह्या जागी होता तो गेला,” तो म्हणाला. आईकडे नाही, माझ्याकडे पाहून. “उजवीकडं, खाली. तू म्हटली होती तिथंच, ताई. पार झाली. त्याहीनं झोळी करून रस्त्यापर्यंत आणलं, पण रस्ता लय दूर आहे वं.”

आमच्या धंद्यात कॉम्प्युटरचं गणित आणि प्रत्यक्षात झालेलं जुळलं की मोठी गोष्ट समजतात. त्यावर निबंध छापतात, परिषदांना जातात. माझ्या कॉलेजात गोळी मारून पाहायची सोय नाही, त्यामुळे माझं गणित खरं की खोटं हे इतक्या वर्षांत कधी ताडूनच पाहता आलं नव्हतं. ते असं कळलं, पुऱ्यांच्या ताटावर.

आईनं हातातला डाव ठेवला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “बाप्पा रे! बरं झालं, तू घरी होता.”

“गप वं माय!” तो असा ओरडला की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. आईशी तो कधी आवाज चढवून बोललेला नव्हता. ताट तसंच टाकून उठला, हात न धुता बाहेर गेला, आणि त्या झेंड्यांच्या गर्दीत कुठे गेला ते दिसलं नाही.

आई दाराकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी काय वाईट बोलली वं?” तिनं मला विचारलं. “सांग ना, काय वाईट बोलली मी?”

“काही नाही बोललीस तू वाईट,” मी म्हणाले.

दुसरं काय म्हणणार होते? ‘उजवीकडं, खाली’ हे शब्द त्याच्या तोंडून निघाले तेव्हा, त्या मेलेल्या माणसाचा विचारही मनात यायच्या आधी, मी मनातल्या मनात अगदी तेच म्हणून बसले होते, आईच्याही आधी. बरं झालं, आपला घरी होता. आणि त्याच्याही आधी, पुरी लाटता लाटता मी ‘बरं’ म्हणाले होते तेव्हा, ते जाकीट आता दुसऱ्या कोणाच्या अंगावर आहे म्हणूनच तर तो शब्द तोंडातून इतका सहज निघाला होता.

भाऊ संध्याकाळी परत आला, आईच्या पाया पडला, रजा संपवून गेला. फोनवर आम्ही बोलतो. नव्या प्लेटी आल्या, असं तो सांगतो. खरं सांगतो की नाही, कोण जाणे. त्याच्या जागी आलेला तो माणूस कोण, कुठला, घरी कोण कोण आहे, ह्यातलं काही त्यानं सांगितलं नाही. आणि मी त्याचं नाव अजून विचारलेलं नाही.